चव्वेचाळीस अंशांतली किनेटिक आणि बर्फातली स्की-डू

आमच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये, बाण्याच्या कांड्यांच्या पोत्यांमागे, माझी १९९० सालची किनेटिक होंडा स्कूटर तेरा वर्षे उभी होती. २००९ साली मुलाने नवी मोटारसायकल घेतली, त्या दिवशी मी ती भिंतीला टेकवली, वर एक जुनी सोलापुरी चादर टाकली आणि विसरून गेलो. २०२२ च्या दिवाळीत शेडची आवराआवर करताना ती पुन्हा नजरेस पडली. भंगारवाल्याने दिलेला भाव ऐकून राग आला, आणि केवळ त्या रागापोटी मी ती दुरुस्त करायला घेतली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.

त्याच हिवाळ्यात कॅनडात, ऑन्टारिओ प्रांतात राहणाऱ्या आमच्या जावईबापूंनी शेजारच्या एका वृद्ध शेतकऱ्याकडून १९७० च्या दशकातली पिवळी स्की-डू ऑलिम्पिक विकत घेतली. ज्यांनी ही बर्फावर चालणारी गाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो : पुढे वळवण्यासाठी दोन पट्ट्या, मागे रणगाड्यासारखा पण रबराचा रुंद पट्टा, मध्ये बैठक, आणि नाकाडात एक सिलेंडरचे टू-स्ट्रोक इंजिन. सोलापुरात बर्फ फक्त रसवंतीत आणि मासळी बाजारात दिसतो, त्यामुळे मला त्या यंत्राचे सुरुवातीला कौतुक वाटले ते एखाद्या खेळण्याचे वाटावे तेवढेच. पण एका रविवारी रात्री आठ वाजता, म्हणजे त्यांच्याकडे सकाळी साडेनऊला, त्यांनी व्हिडिओ कॉलवर इंजिनावरचे झाकण उचलले आणि मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. इंजिनाला गार ठेवणारा पंखा, त्यावरचे पत्र्याचे आवरण, शेजारी दोन पुल्या आणि त्यांच्यामध्ये ताणलेला रुंद पट्टा. गिअर नाहीत. माझ्या शेडमध्ये उभ्या असलेल्या स्कूटरचेच हे थंड देशातले भावंड होते.

किनेटिक होंडा आपल्याकडे १९८० च्या दशकाच्या मध्यात आली, तेव्हा रस्त्यावरच्या बहुतेक स्कूटरना हाताने गिअर टाकावे लागत आणि चालू करायला लाथ मारावी लागे. ९८ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, बटण दाबताच चालू होणारी आणि गिअर बदलण्याची कटकट नसलेली ही गाडी मध्य प्रदेशातल्या पिथमपूरला तयार होत असे. आमच्या भागात ज्या बायकांनी तोवर सायकलच्या पुढे काही चालवले नव्हते, त्यांच्यापैकी कित्येकींनी पहिली गाडी चालवली ती हीच. १९९८ मध्ये होंडा त्या भागीदारीतून बाहेर पडली. पुढे टू-स्ट्रोकचे दिवसच संपले आणि सुटे भाग मिळणे हळूहळू नशिबावर गेले.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे माझी चूक. स्कूटर बाहेर काढली, टाकी धुतली, कार्बोरेटर सोडवून जेट साफ केले, नवा प्लग, नवी बॅटरी आणि ताजे पेट्रोल घातले. ती चौथ्या प्रयत्नाला चालू झाली आणि सगळी गल्ली धुराने भरून गेली. मला इतका आनंद झाला की एका स्पष्ट लक्षणाकडे मी दुर्लक्ष केले : ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन लगेच खाली येत नव्हते. ते काही क्षण तसेच गुरगुरत राही आणि मग नाखुशीने उतरे. मी काय केले, तर स्लो रेसचा स्क्रू पिळून आवाज कमी केला. ताप आलेल्या माणसाचा थर्मामीटर फोडावा, तसला हा उपाय. चौथ्या दिवशी अक्कलकोट रोडवर, एमआयडीसीच्या अलीकडे, मागच्या चाकाने एकदम अडखळल्यासारखे केले आणि इंजिन बंद पडले. पिस्टन धरला होता, म्हणजे सिलेंडरमध्ये जाम झाला होता.

गाडी एका गॅरेजमध्ये दिली. त्यांनी सिलेंडर बोअरला टाकला, पाव मिलिमीटर मोठा पिस्टन बसवला, बिल घेतले आणि सांगितले की पाचशे किलोमीटर सावकाश चालवा. कारण काय होते, हे मी विचारले नाही आणि त्यांनी शोधले नाही. साठ किलोमीटर झाले नसतील तोच पिस्टनने पुन्हा धरले. सिलेंडरला पाव मिलिमीटरच्या टप्प्यांनी मोजक्याच वेळा मोठे करता येते, म्हणजे त्या साठ किलोमीटरसाठी मी सिलेंडरच्या आयुष्याचा एक टप्पा खर्च केला होता. त्यानंतर मी ठरवले की आता पान्याला हात लावायचा तो स्वतःच. चौतीस वर्षे मागांची देखभाल केलेल्या माणसाने आधीच तसे ठरवायला हवे होते.

धरलेला पिस्टन हा वाचायचा कागद असतो. ओरखडे फक्त कार्बोरेटरच्या बाजूला असतील तर वंगण कमी पडल्याचा संशय घ्यावा. ते सायलेन्सरच्या बाजूला एकवटलेले असतील किंवा चारही अंगांना उभ्या रेषांनी उमटलेले असतील, तर प्रश्न उष्णतेचा असतो. ॲल्युमिनिअमचा पिस्टन बिडाच्या सिलेंडरपेक्षा जवळपास दुप्पट प्रसरण पावतो, आणि त्यांच्यातली फट केसाएवढीही नसते. माझ्या पिस्टनवर सायलेन्सरकडे जाड पट्टा आणि बाकी अंगांवर बारीक रेषा होत्या. ऑइल पंप मी सोडवून तपासला होता, नळीत हवेचा बुडबुडा नव्हता, पंपावरची खूण ॲक्सिलरेटरच्या केबलशी जुळत होती. म्हणजे ऑइल पोहोचत होते, तरीही इंजिन तापत होते.

(येथे एक तक्रार नोंदवतो. आपल्याकडे असे इंजिन एकदा जाम झाले की मिस्त्री पहिल्यांदा ऑइल पंपालाच दोषी ठरवतात, तो काढून टाकतात आणि “पेट्रोलमध्येच ऑइल टाकत जा” असे सांगतात. तो पंप इंजिनाच्या फेऱ्या आणि ॲक्सिलरेटर या दोन्हींच्या हिशोबाने ऑइल मोजून देतो, बाटलीच्या झाकणाने मोजणारा माणूस तसे कधीही देऊ शकणार नाही. शंका असेल तर इंजिनाच्या कामानंतरच्या पहिल्या टाकीत लिटरमागे वीस मिलिलिटर टू-टी (टू-स्ट्रोकचे) ऑइल जादा टाकावे, पण पंपाला हात लावू नये.)

त्या रविवारी मी पिस्टन कॅमेऱ्यासमोर धरला. जावईबापूंनी तो पाहिला आणि विचारले, “मामा, बंद पडायच्या आधी ती आपोआप रेस होत होती का?” मी होय म्हटले. ते म्हणाले, “मग ती कुठून तरी हवा घेतेय. माझ्या ऑलिम्पिकचंही हेच झालं होतं. क्रँकचं सील बघा.”

टू-स्ट्रोक इंजिनाचे हे मर्म मागावर आयुष्य घालवलेल्या मला पुस्तकातून ठाऊक होते, पण हाताला माहीत नव्हते. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँक (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा दांडा) असलेली खालची पेटी म्हणजे ऑइलचे भांडे, तर टू-स्ट्रोकमध्ये तीच पेटी पंपाचे काम करते. पिस्टन वर जाताना कार्बोरेटरमधून मिश्रण या पेटीत ओढले जाते आणि खाली येताना तेच दाबून सिलेंडरमध्ये ढकलले जाते. म्हणून ही पेटी हवाबंद असावीच लागते, आणि क्रँकचा दांडा जिथे दोन्ही बाजूंनी बाहेर येतो तिथे फक्त रबराचे एकेक सील ही हवा रोखून धरते. सील कडक झाले की दर फेरीला थोडी कोरी हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते, ज्वलन अधिक तापते आणि फेऱ्या आपसूक वाढतात. चालत्या गाडीत हे सील ऑइलने ओले आणि मऊ राहते. ते वाळते ते गाडी उभी राहिल्यावर, मग ती सोलापूरच्या पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात चव्वेचाळीस अंशांत उभी असो वा ऑन्टारिओच्या कोठारात बिनबर्फाचे सात-आठ महिने.

हे पाहण्याची रीत अशी. पिस्टन अगदी खाली आणायचा, म्हणजे सिलेंडरची भोके उघडी राहून सिलेंडर आणि पेटी मिळून एकच पोकळी होते. कार्बोरेटर आणि सायलेन्सर काढून त्यांची तोंडे रबर आणि पट्टीने घट्ट बंद करायची. प्लगच्या भोकातून थोडीशीच हवा भरायची, सुमारे सहा पौंडांपर्यंत, आणि दाब टिकतो का ते बघायचे. जावईबापूंकडे यासाठी पंप आणि घड्याळ असलेला तयार संच होता. माझ्याकडे तो नव्हता, मात्र घरात रक्तदाब मोजण्याचे जुने, हातपंपाचे यंत्र होते. त्याची तबकडी ३०० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत जाते, आणि हिशोब केला तर ३०० म्हणजे ५.८ पौंड. इंजिनाला नेमका हाच रक्तदाब हवा होता. एका जुन्या प्लगमधली चिनी माती फोडून काढली, लेथवाल्याकडून त्यात पितळेची नळी बसवून घेतली, आणि तिला रबरी नळी जोडली. सायलेन्सरच्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि लोखंडी पट्टी.

फुगा दाबत काटा २८० वर नेला आणि हात थांबवला. तो कुठेही न रेंगाळता खाली आला, अर्ध्या मिनिटाच्या आत शून्यावर. साबणाचे पाणी ब्रशने सगळ्या सांध्यांवर लावले, पण गॅस्केट कोरडे ठणठणीत. मग पंख्याच्या बाजूला कान लावला तेव्हा बारीक सुस्कारा ऐकू आला. (दुसऱ्या दिवशी सकाळी सौभाग्यवतींनी आपला रक्तदाब पाहायला तेच यंत्र घेतले आणि पट्ट्याला टू-टी ऑइलचा वास आल्यावर त्यांचा दाब किती भरला, हे येथे लिहिण्याची परवानगी मला नाही.)

मॅग्नेटच्या, म्हणजे क्रँकच्या टोकावरच्या वीज तयार करणाऱ्या चाकाच्या, मागचे सील पाहायचे तर आधी पंख्याचे आवरण काढावे लागते. चार बोल्ट सोडवून ते उचलले आणि मी अक्षरशः जमिनीवर बसलो. सिलेंडरच्या पंखांमध्ये, ज्या पातळ पापुद्र्यांतून थंड हवा फिरायला हवी त्या प्रत्येक फटीत, कापसाचे तंतू ठासून भरले होते. तेरा वर्षे मागांच्या शेडमध्ये उडणारा तंतू, त्यात जुन्या ऑइलची वाफ, त्यावर धूळ, असे थरावर थर बसून एक राखाडी नमदा तयार झाला होता. चिमट्याने ओढला तर पंखांचे ठसे उमटलेली सलग वडी हातात आली. तंतू कुठे कुठे शिरतो हे सोलापुरात माझ्याइतके कोणाला ठाऊक असावे? मागाच्या मोटारींची दर आठवड्याला हवा मारून सफाई करणारा मी, माझ्याच गाडीचे आवरण उचलून पाहिले नव्हते. गॅरेजवाल्यानेही पाहिले नव्हते, पण तो निदान मागवाला नव्हता. फोटो पाठवला तेव्हा जावईबापूंनी उलट टपाली स्वतःचा जुना फोटो पाठवला : ऑलिम्पिकच्या त्याच आवरणाखाली उंदराने गवत, सीटचा फोम आणि कुणाच्या तरी मोज्याची लोकर आणून बांधलेले घरटे.

मॅग्नेट पुलरनेच काढावा, हातोडीने नव्हे, कारण एका फटक्यात क्रँकचा दांडा वाकतो. त्याच्यामागचे सील हाताला लागले ते आपल्याकडच्या कडक भाकरीसारखे, कडेवर नख दाबले तर टवका उडाला. ते सुईच्या टोकाच्या हुकने बाहेर काढले, दांड्यावर ओरखडा उठू न देता. बेअरिंगच्या दुकानात सील मागताना गाडीचे नाव सांगण्याची गरज नसते. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी ही तीन मापे सांगितली की दुकानदार डबा काढतो. दोन्ही बाजूंची सील बदलली, कडेला ग्रीस लावले, आणि योग्य मापाच्या गोटीने (सॉकेटने) दाबत सरळ बसवली. पुन्हा हवा भरली. काटा २८० वर चढला आणि मी चहा पिऊन परत आलो तेव्हा २६० वर होता. त्या क्षणी मला झालेला आनंद स्कूटर पहिल्यांदा चालू झाली तेव्हाच्या आनंदापेक्षा मोठा होता, कारण या वेळी तो कशामुळे झाला हे मला माहीत होते.

सिलेंडर पुन्हा बोअर झाला, आता अर्धा मिलिमीटर. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे, रिंगांची टोके त्यांच्या खिळ्यांशी. टू-स्ट्रोकमध्ये रिंग फिरू नये म्हणून तो बारीक खिळा असतो, नाहीतर रिंगेचे टोक सिलेंडरच्या भोकात अडकून तुटते. इंजिन चालू झाले, ॲक्सिलरेटर सोडताच पायरी उतरावी तसे खाली आले.

पण चाळीसच्या पुढे वेग जाईना. इंजिन ओरडे, गाडी मात्र आपल्याच चालीने चाले, आणि थांबल्यावर जळक्या रबराचा वास येई. हा पट्ट्याचा प्रश्न होता, आणि येथे मागावरचे ज्ञान कामी आले, काही अंशी आडही आले.

या व्यवस्थेची कल्पना साधी आहे. पुढच्या पुलीच्या दोन तबकड्यांपैकी सरकत्या तबकडीच्या मागे गोल रोलर असतात. इंजिनाच्या फेऱ्या वाढल्या की ते बाहेर फेकले जातात, तबकड्या जवळ येतात आणि पट्टा वर चढतो, म्हणजे पुढची पुली जणू मोठी होते. मागच्या पुलीच्या तबकड्या स्प्रिंगने दाबलेल्या असतात, त्या पट्ट्याच्या ओढीने उघडतात आणि ती पुली लहान होते. असा गिअर अखंड बदलत राहतो. नेदरलँड्समधल्या डाफ या कंपनीने १९५८ साली आपल्या छोट्या मोटारीत पट्ट्याचा असा गिअर घातला आणि त्याच तत्त्वाचा उपयोग पुढे बर्फावरच्या वाहनांत इतका रुजला की आजही तिथे तीच पद्धत चालते. पहिली स्की-डू १९५९ ची, क्वेबेकमधल्या वालकूर गावच्या जोझेफ-आर्मां बोंबार्दिये यांची. १९३४ मध्ये त्यांचा लहान मुलगा पोटाच्या आजाराने दगावला, कारण बर्फाने रस्ते बंद होते आणि दवाखान्यापर्यंत नेता आले नाही. बर्फावर चालणारे वाहन करण्याचा ध्यास त्यांना त्याआधीपासूनच होता, आणि ते त्यांनी नेटाने केले. नंतरच्या स्की-डूंमध्ये लागणारी रोटॅक्स इंजिने ऑस्ट्रियात बनत.

माझ्या पट्ट्याच्या दोन्ही कडा आरशासारख्या चकचकीत झाल्या होत्या. व्ही-पट्टा तळाने नव्हे तर कडांनी धरतो, म्हणून कड चकाकली की पकड गेली असे समजावे. मागावर पट्टा घसरला तर आम्ही राळेची पूड टाकत असू, आणि ओळखीच्या एका मिस्त्रीने मला तेच सुचवले. मी जवळजवळ केलेही होते. राळ वितळून पुलीवर थर बसला असता आणि पट्टा उलट एका जागी चिकटून राहिला असता. या पुल्यांना कोरडे आणि स्वच्छ राहणे हाच उपचार लागतो, स्पिरिटने पुसायच्या आणि बोटही लावायचे नाही. नव्या पट्ट्यासाठी मात्र मी फसलो. शहरातल्या एका दुकानात मिळालेला पट्टा व्हर्निअरने मोजला तेव्हा जुन्यापेक्षा रुंदी कमी भरली, तरी “बसेल हो” या शब्दावर विसंबून बसवला. दोनशे किलोमीटरवर त्याचे दात उडाले. दुसरा पुण्याहून मागवला, या वेळी आधी मोजून.

रोलर काढले तर सहाही एका बाजूने सपाट झाले होते, जात्यातल्या दाण्यांसारखे. गोल राहिले नाहीत तर ते सरकत नाहीत, घासतात. ते किती झिजले हे पाहायला मी सराफकट्ट्यावरच्या एका परिचिताच्या काट्यावर त्यांचे वजन केले. सगळ्यात हलका आणि सगळ्यात जड यांच्यात निम्म्या ग्रॅमहून अधिक फरक निघाला. सराफाने विचारले, हे काय आहे? मी म्हटले, माझ्या गाडीचे गिअर. त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि वजनाचे पैसे घेतले नाहीत.

जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला मी त्या गाडीवर गेलो. पार्क चौकातून सिद्धेश्वराच्या तळ्यापर्यंतच्या गर्दीत सावकाश चालताना ती एकदाही बंद पडली नाही. हे काही शर्यत जिंकणे नव्हे, पण टू-स्ट्रोकला रांगत चालायला लावणे हीच तिची खरी परीक्षा असते.

आता देखभालीचा जो क्रम ठरला आहे, त्यातला अर्धा जावईबापूंचा आहे. बर्फ संपला की ते कार्बोरेटर रिकामा करतात, इंजिन शेवटचे चालवताना त्यात खास ऑइल फवारतात म्हणजे आतले सगळे लोखंड तेलाने माखते, पट्टा पुल्यांवरून काढून ठेवतात, रबरी पट्ट्याला भार पडू नये म्हणून मागचा भाग लाकडावर टेकवतात आणि सायलेन्सरच्या तोंडात तारेची गुंडाळी कोंबतात, उंदरांसाठी. मी पट्टा काढून ठेवत नाही, कारण माझ्या आवरणाला इतके बोल्ट आहेत की तो उद्योग नेहमी होणार नाही. त्याऐवजी दर पंधरवड्याला गाडी चालवून पुरती गरम करतो, नुसती जागेवर चालू करून बंद करत नाही, कारण अर्धवट तापलेल्या इंजिनात पाण्याची वाफ साठते. महिन्यापेक्षा जास्त उभी राहणार असेल तर कार्बोरेटरचा फ्लोट रिकामा करतो. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते हवेतले पाणी ओढते आणि जुन्या रबराला फुगवते, त्यामुळे नळ्या आणि फ्लोटची सुई यांवर नजर ठेवावी लागते. प्लगच्या भोकातून चमचाभर टू-टी ऑइल टाकून इंजिन हाताने चार वेळा फिरवणे, हा भाग तर दोन्ही देशांत एकच.

पंख्याच्या आवरणावर तंतू अडवण्यासाठी मी मच्छरदाणीची जाळी बसवून पाहिली होती. ती आठ दिवसांत स्वतःच भरून गेली आणि हवाच बंद झाली. जावईबापू हसले, कारण त्यांनीही उंदरांसाठी तसलीच जाळी लावून तसाच धडा घेतला होता. त्यामुळे आता गाडी शेडमध्ये ठेवत नाही, घराच्या ओसरीवर ठेवतो, आणि खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते त्याच्या आदल्या दिवशी चार बोल्ट सोडवून आवरण उचलतो. २०२३ साली मूठभर तंतू निघाला होता. गेल्या खंडेनवमीला टॉर्च घेऊन प्रत्येक पंखाच्या फटीत पाहिले, तर चिमटीत मावेल एवढाच होता, आणि तो बहुधा माझ्याच शर्टाच्या बाहीचा असावा.